ओलं दाखवायचं नाही

माझं वेब डिझाइनचं शिक्षण बिस्किटाच्या एका डब्यापासून सुरू झालं. डब्यात कापडाच्या बोटभर पट्ट्या होत्या. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या आयुष्यात रंगवलेल्या ओढण्यांच्या आणि ब्लाउजपिसांच्या कडा. आमचं घराणं म्हैसूरच्या रंगाऱ्यांचं; घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. काका-चुलते बँकेत आणि विम्यात गेले, रंगाच्या हंड्यापाशी अप्पा एकटेच उरले. साडीला अचूक जुळणारा रंग हवा असला की बायका लांबलांबून बन्नीमंटपाजवळच्या आमच्या दुकानात यायच्या. मग अप्पांना काचबिंदू झाला. नजर कडेकडून आटत गेली, आणि एक दिवस त्यांनी जांभळ्याऐवजी निळी ओढणी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. त्याबद्दल ते घरात कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत.

मी तेव्हा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघत होते. मधली उरलेली नजर किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून ठरवलं, या पट्ट्यांचं एक वेब पेज करायचं. बोटभर पट्टी अप्पांना दिसत नव्हती, पण पडद्यावर तोच रंग ताटाएवढा करता आला असता. नजर जायच्या आत त्यांचे रंग त्यांना एकदा दाखवायचे, एवढंच मला हवं होतं.

शिकवायला मैत्रीण होती. पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, बोगादीला राहणारी, घरी बसून लोकांच्या वेबसाइट करून देणारी. मी मध्येच कन्नडमध्ये घुसले की ती हसायची. पहिल्याच रविवारी मी जमवून ठेवलेले फुकटचे सगळे व्हिडिओ तिने बंद करायला लावले.

"ते बघत बसलीस तर वर्षभर बघतच बसशील. तुला एका माणसाला एक गोष्ट दाखवायची आहे ना? तेवढंच कर. बाकीचं अडलं की शिकशील."

साध्या नोटपॅडमध्ये तिने मला चार ओळी लिहायला लावल्या. आधी मथळा, मग परिच्छेद, मग एक चित्र. फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत 'अप्पांचे रंग' असं उमटलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या रविवारी एक कंस लावायचा राहिला आणि अख्खं पान तिरपागडं झालं. माझं डोकं फिरलं, मी लॅपटॉप धाडकन मिटला. तिने चहा टाकला आणि म्हणाली, "रागाने कंस सापडत नाही." मला तिचा तेव्हा भयंकर राग आला होता.

खिडकीतल्या उजेडात एकेका पट्टीचा फोटो काढायचा, तो पानावर बसवायचा, लॅपटॉपवर बरोबर दिसला की फोनवर बघायचं, तिथे हमखास बिघडलेला असायचा. पण शिकत होते. ती दर वेळी एकच गोष्ट बजावायची: कच्चं असलं तरी दाखव. ज्याच्यासाठी करतेस त्याच्यासमोर पहिल्या दिवसापासून धर.

अप्पा बघायलाच तयार नव्हते.

"झालं का?" ते विचारायचे.

"नाही अजून. पण बघा तरी, अप्पा."

"बेडा पुट्टी. ओलं दाखवायचं नाही."

बेडा म्हणजे नको, पुट्टी म्हणजे पोरी. आणि हा आमच्या घरचा नियम. ओल्या कापडाचा रंग खोटा असतो, वाळला की उतरतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही चिडो, अप्पा कोपरा इस्त्रीने वाळवल्याशिवाय कापड दाखवायचे नाहीत. ओलं कापड फक्त रंगाऱ्याने बघायचं. मी याच नियमात वाढले होते. तो मोडून त्यांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप धरावा, असं माझ्या मनातही आलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माझ्या कामाला ते कापडाचा नियम लावत होते.

फक्त गप्पा चालायच्या. पानावरचा रंग कसा सांगतात, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, नाव नसतं, अक्षरं आणि आकडे मिळून एक नंबर असतो.

"नाव नाही तर मागायचं कसं? बाई दुकानात येऊन नंबर सांगणार की काय?" आणि ते खूप दिवसांनी मोकळं हसले.

आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दाखवायचं ठरलं. त्या दिवशी सकाळी रंगाचा रिकामा हंडा घासून पाटावर ठेवला, शेजारी माझा लॅपटॉप. आईने दोन्हींना हळदकुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. पान खरंच सुरेख झालं होतं. मी अप्पांसमोर लॅपटॉप धरला आणि हळूहळू पान सरकवू लागले. ते मान इकडेतिकडे करत, अंदाज घेत बघत होते. मग आईने आरतीला हाक मारली, आम्ही उठलो, परत येऊन बसलो.

"छान आलाय," पडद्याकडे तोंड करून अप्पा म्हणाले. "हा हिरवा छान वाळलाय, बग."

पडदा विझलेला होता. आम्ही आरतीला उठलो तेव्हाच तो काळा पडला होता.

आईनेही ते पाहिलं होतं, ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी पान करायला घेतलं त्या उन्हाळ्यात त्यांना दिसत होतं. कच्चं पान त्यांना दिसलं असतं. राग कुणावर काढायचा ते मला आजही कळत नाही. काचबिंदूवर काढून काय उपयोग?

मैत्रिणीला सांगितलं, तशी ती घरी आली. मग तिने अप्पांच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. अप्पांनी पानावर बोट फिरवलं. आवाज म्हणाला, "अप्पांचे रंग. चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"सगळंच चित्र?" अप्पांनी विचारलं.

प्रत्येक चित्राच्या मागे, न दिसणाऱ्या माणसासाठी, त्यात काय आहे ते लिहायची जागा असते. मैत्रिणीने ती पहिल्याच महिन्यात दाखवली होती. पडद्यावर त्याने काही फरक पडत नाही म्हणून ती आम्ही शेवटी भरायची ठेवली होती.

मग आम्ही ती भरायला बसलो. मी पट्टी त्यांच्या हातात द्यायची, कुठला रंग ते सांगायचं, आणि ते नाव ठेवायचे. मैसूरपाकाच्या मधल्या थराचा. दुसऱ्या दिवशीच्या मोगऱ्याचा. चिंच लावायच्या आधीच्या पितळेचा. एका राणी रंगाच्या पट्टीचा पोत चाचपून म्हणाले, "ही ओढणी घेऊन एक मुलगी रडत गेली होती. आनंदानं. पण ते नको लिहू." मी लिहिलं.

डबा संपला. पानाच्या तळाशी एकच फोटो उरला, जुना, दुकानातला.

"त्यात काय आहे?"

"तुम्ही आहात, अप्पा. दुकानाच्या दारात, उजेडाकडे कापड धरून बघताय."

"रंग कुठला?"

मी फोटो मोठा करून पाहिला. कापड चिंब होतं, खालून पाणी निथळत होतं, आणि मागून ऊन येत होतं.

"कळत नाही, अप्पा. ओलं आहे."

त्यांनी मान डोलावली. "मग राहू दे. वाळल्यावर लिही."

ती जागा मी अजून भरलेली नाही. अप्पा दुपारी खाटेवर पडून फोन कानाशी धरतात आणि एकेक रंग ऐकत खाली येतात. सगळ्यात शेवटी आवाज नुसतं "चित्र" म्हणतो, आणि ते तिथे बोट तसंच ठेवून थांबतात.