पडद्याच्या दोन्ही बाजू

आमची फिल्म सोसायटी बंद पडून बरीच वर्षं झाली. सिनेमांची नावं विसरलो, पण जुने दोघे भेटले की किस्से निघतातच, आणि दरवेळी एखादा नवा सापडतो. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. सहकारी संघाच्या गोदामात, खताच्या पोत्यांवर बसून आम्ही असले सिनेमे बघायचो, की ज्यांचा विषय घरी काढायची सोय नव्हती. अध्यक्ष हायस्कूलचे पाठक सर. प्रोजेक्टर चालवायचा दूध संघातला कारकून गौतम. काय दिवस होते ते!

*

पडद्यावर काही 'तसलं' आलं, की सर प्रोजेक्टरच्या भिंगासमोर हात धरायचे. एकदा विधवेला दिवस गेल्याचा सिनेमा होता. सरांचा हात आडवा आला. गोदामात काळोख, आवाज मात्र चालूच.

अंधारातून आमचे डॉक्टर म्हणाले, "सर, हात काढा. तिकडं असंल त्याच्यापेक्षा लई वाईट दिसायलंय आम्हाला."

*

सिनेमानंतर चर्चा झालीच पाहिजे, हा सरांचा हट्ट. नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बाईचा सिनेमा झाला, त्या दिवशी सर तिच्या बाजूनं एवढे बोलले, की थांबेचनात. मध्येच काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, उठून निघाल्या.

"अगं, कुठं?"

"घरी. तुमचं बाईचं स्वातंत्र्य आटपलं की या. भाकरी गार होतील."

सर त्यांच्या मागोमाग गेले.

*

दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात परदेशी सिनेमा आला. बाप पोटच्या पोरीला नासवतो, असा विषय, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत धो धो पाऊस. सरांनी भूमहून आलेल्या शेतकरी नानांना विचारलं, "काय वाटलं?"

 नाना म्हणाले, "पोरीचं बघवंना, सर. म्या आपलं पावसाकडंच बघत बसलो."

त्या दिवशी चर्चा झाली नाही.

*

गौतमचं गाव तेरच्या अलीकडं. गावच्या विहिरीत घागर बुडवली म्हणून मार खाणाऱ्या बाईचा एक सिनेमा होता. तो आपल्या गावात, आपल्या आईला दाखवायचा, हे त्यानं मनाशी धरलं होतं. वर्षभर सरांच्या मागं लागून त्यानं ते जमवलं.

चावडीपुढं दोन खांबांना पांढरं धोतर ताणलं. पुढं गाव बसलं. बौद्ध वस्तीतली माणसं, कुणी न सांगताच, पडद्याच्या मागं जाऊन बसली. तिथून चित्र उलटं दिसतं. गौतम आईजवळ गेला. "माय, म्होरं चल की."

"ऱ्हाऊ दे. हितनं बी दिसतंय."

गौतम परत आला आणि त्यानं प्रोजेक्टर सुरू केला.

विहिरीजवळचा मार सुरू झाला. सवयीनं सरांचा हात भिंगाकडं गेला. गौतमनं तो मनगटाला धरून खाली केला.

सिनेमा संपला. सरांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

पडद्यामागून गौतमच्या आईचा आवाज आला. "सर, हिकडून ती बाई डाव्या हातानं पानी शेंदती. तिकडून?"

"उजव्या," सर म्हणाले.

"मग पुना लावा. आमी म्होरं येतो. तुमी समदे हिकडं या."

कुणी उठायच्या आधीच गौतम रीळ मागं गुंडाळायला लागला होता.