माझं वेगळं हाय

आज दुपारी निवडणुकीच्या सर्वेक्षणाची मुलगी दारात आली. "काकू, मत कुणाला देणार?" तिनं विचारलं. बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं माझ्या ओळखीचं आहे. कॉलेज संपल्यावर मीही असाच सर्वेक्षणाचा कागद घेऊन गावोगाव फिरलो. घरातल्या बाईला एकटीलाच विचारायचं, अशी सूचना होती. एका घरी बाई भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, तसं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवराच मध्ये बोलला, "तिला काय कळतंय साहेब? माझंच लिवा दोघांचं." मी लिहिलं. कागदावर 'सांगता येत नाही' असाही एक चौकोन होता. तोसुद्धा तिला दिला नाही.

निघालो तेव्हा पिठाच्या हातांनी ती फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "भाऊ, माझं वेगळं हाय."

मला अजून सहा घरं उरकायची होती. "आता लिहिलं गेलं, ताई," म्हणालो. खोडरबर खिशातच होतं.

पुढं 'महिलांचा कौल' म्हणून आकडे छापून आले. जाणकारांनी त्यांचे अर्थ लावले. त्या आकड्यांत एक बाई नव्हती आणि तिचा नवरा दोनदा होता. असे किती नवरे असतील, कोण जाणे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

"तुझं तू सांग," मी बायकोला म्हणालो आणि मुद्दाम आतल्या खोलीत गेलो.

दारातून तिचा हसरा आवाज आला, "लिही गं, ह्यांचं असेल तेच."

माझं काय आहे, हे तिनं मला कधी विचारलेलं नाही. मीही तिला नाही.