संध्याकाळी कात्री नाही

आमच्या यांना गल्लीत सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे हो, शिंपी आहेत. कापड पसरायचं, खडूची रेघ मारायची, कापून मोकळं व्हायचं. एक घाव दोन तुकडे! पण नियम कडक: कापणं सकाळी, शिवणं दुपारनंतर. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात लोळलं तरी कात्री खुंटीवरून खाली येत नाही. "दमल्यावर शिवण चुकली तर उसवता येते," म्हणतात. "चुकीचं कापलेलं कोण जोडणार?"

तर आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "ऑपरेशन केलं तर पुन्हा चालतील. पण वय झालंय, हृदय अशक्त आहे, टेबलावरच काही होऊ शकतं. नाही केलं तर अंथरुणाला खिळतील. दोन-तीन दिवसांत सांगा."

झालं! थोरले दीर फोनवर म्हणाले, "करून टाक." नणंद रडत म्हणाली, "आईला हात लावू देऊ नकोस." कोपऱ्यावरच्या चहावाल्यानेही मत दिलं, त्याला कोणी विचारलं होतं देव जाणे. हे रात्रभर दवाखान्याच्या बाकावर, दिवसभर दुकानात. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत जायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. घरी मी विचारलं, भात वाढू की पोळी, तर माझ्याकडे बघतच राहिले.

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी मी दुकानात डबा घेऊन गेले, तर यांच्या हातात कात्री! समोर एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कापलेल्या, आणि दोन्ही डाव्या हाताच्या.

"डोकं चालतच नाही गं," ते म्हणाले. "नको म्हटलं तर आई पडून राहील. हो म्हटलं आणि गेली, तर मीच मारली."

माझं टाळकंच सटकलं. "अहो, लोकांच्या कापडाला जो नियम, तो आईला नाही का? डोळ्याला डोळा नाही, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि निघालात एवढा निर्णय घ्यायला! चला घरी."

फोन काढून घेतला. समोर बसून पोटभर जेवायला लावलं. "आईंजवळ आज मी बसते. तुम्ही गुपचूप झोपा." जिना उतरेपर्यंत यांचं घोरणं ऐकू आलं. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

सकाळी आले ते दाढी करून. सरळ खाटेपाशी बसले. "आई, तुला काय वाटतं?"

"अरे गाढवा, साऱ्या जगाला विचारून झालं, आता माझा नंबर लागला होय?" सासूबाई कडाडल्या. "मला माझ्या पायांनी न्हाणीत जायचंय. त्यात मेले तर मेले."

हे उठले आणि डॉक्टरीणबाईंना सांगून आले, "करा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंना आत नेत होते. हे आईचा हात धरून दारापर्यंत गेले आणि तिथेच अडून राहिले.

"डॉक्टर, रात्री झोप झाली ना तुमची?"

मी शरमेने यांचा सदरा मागून ओढला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "झाली, मास्तर. पोटभर जेवले, लवकर झोपले."

मग यांनी आईचा हात सोडला.