दोरी कपड्यांची नव्हती

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंकडे गल्लीचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या नवऱ्याच्या बनियनांमुळे. समोरच्या इमारतीतून त्यांची बाल्कनी सरळ दिसायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट ताणलेली दोरी, आणि तिच्यावर एकही कपडा नाही. ओले बनियन मात्र खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांवर, एखादा तर दाराच्या कडीला. समोरच्या आजी म्हणायच्या, "बाई दिसायला नीटनेटक्या, पण घरात काही ताळतंत्र नाही."

मग एका रविवारी त्याच आजींनी पाहिलं, की त्या दोरीवरून वीतभर उंचीचं काहीतरी चालत येतंय. हातात आडवी काठी. मध्यावर ते थांबलं, डुललं, काठी डावीकडे कलली, तोल सावरला आणि पुढे निघालं. दोरीच्या दुसऱ्या टोकाशी बाई दोन्ही हात पुढे करून उभ्या होत्या. मूल पहिली पावलं टाकताना आई उभी राहते ना, अगदी तशा.

ती खार, एक छोटं यंत्र. नाव बाईंनीच ठेवलेलं. दुकानात त्यांचं काम चष्म्यांच्या काड्या बदलायचं, नाकावरच्या गाद्या बसवायचं, डोळ्याला दिसणार नाहीत असे स्क्रू पिळायचं. मोडक्या चष्म्यांचा जो कचरा उरायचा, त्यातून आणि जुन्या खेळण्यांतल्या छोट्या मोटारींतून त्यांनी खार केली. तोल सावरायची काठी म्हणजे दोन काड्या एकमेकींना जोडलेल्या. तोल कधी गेला हे खारीला कळावं म्हणून त्यांनी संगणकावर काय काय शिकून घेतलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. पाच वर्षं संध्याकाळी त्या स्टुलावर बसून खारीला दोरीवर ठेवत आणि खार पडत असे.

या पाच वर्षांत नवऱ्याचं म्हणणं एकच होतं. "माझे बनियन वाळायचे कुठे?"

नवरा विम्याच्या कचेरीत होता, पण ओळख वेगळीच. कचेरीतला निरोपसमारंभ असो की सोसायटीची सभा, माइक यांच्याच हातात. लोक त्यांना निवेदक म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. घरातही बोलायचं खातं त्यांच्याकडेच. मुलीच्या शाळेत ते बोलायचे. डॉक्टरांकडे बाईंचं पोट दुखायचं, आणि कुठे दुखतंय ते निवेदक सांगायचे. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. बोलायचा त्यांना कंटाळा होता, आणि आयता बोलणारा घरात होता.

मुलीने खारीची चित्रफीत इंटरनेटवर टाकली आणि परदेशातल्या एका तंत्रज्ञान संमेलनाचं बोलावणं आलं. हौशी लोकांनी घरी बनवलेल्या यंत्रांचा तिथे एक विभाग होता. बाईंनी खार सुटी केली आणि चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांत भरली. विमानतळावरचा तपासनीस एकेक डबी उघडत गेला. एकीतही चष्मा निघेना, तेव्हा त्याने बाईंकडे असं काही पाहिलं की निवेदकांना मध्ये पडावं लागलं.

विमानात बाई म्हणाल्या, "तिकडे तुम्ही बोला, मी चालवते. भाषा तुम्हाला येते. एवढंच सांगा, की सामान चष्म्यांचं आहे, तोल असा असा सावरते, आणि दोरी ओली असली तर घसरते."

"अगं, मी आहे ना," निवेदक म्हणाले.

आणि ते होतेच.

पहिल्या दिवशी लहान सभागृह होतं. व्यासपीठावर दोन खांब आणि मधे दोरी. बाई एका टोकाला, खार दोरीवर. निवेदकांनी सुरुवात बरोबर केली. काड्या सांगितल्या, तोल सांगितला. पण सभागृह थंड. निम्मे लोक फोनमध्ये डोकं घालून बसलेले. आता निवेदकाला सगळं सहन होतं, थंड सभागृह होत नाही. त्यांनी आवाज खाली आणला, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मित्रहो, माझी पत्नी दिवसभर काम करून घरी येते. समोर बादलीभर कपडे. तिचे हात दुखतात, पण ती बोलत नाही. एक दिवस मी ते हात पाहिले आणि ठरवलं, हिच्यासाठी काहीतरी करायचं."

फोन खाली गेले. बाईंना ती परकी भाषा जरा उशिराने कळायची. पत्नी कळलं, हात कळले, मी कळलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात ठणठणीत होते. दोरीवर खार मध्यावर पोचली होती, म्हणून बाईंना तिच्यावरून नजर हलवता येईना, आणि तेवढ्या वेळात निवेदकांनी पाच वर्षं आपल्या खिशात घातली. पुढे म्हणे, ही खार दोरीवर कपडे वाळत घालायलाही शिकणार होती.

टाळ्या थांबेनात. लोक येऊन निवेदकांचे हात हातात घेऊ लागले. एक वयस्क बाई डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान आहात." हे ती म्हणाली, खार केलेल्या बाईंना. एका तरुणाने मोटार कुठली वापरलीत म्हणून विचारलं, तर निवेदक हसून म्हणाले, "ते बारीकसारीक ही बघते."

बाहेरच्या जिन्याशी बाईंनी त्यांना गाठलं.

"अहो, काय सांगितलंत तुम्ही?"

"थोडी रंगत आणली. झोपला होता सगळा हॉल."

"खार तुम्ही केलीत?"

"आपण केली. नवराबायकोत तुझंमाझं काय असतं?"

"कपड्यांसाठी केली? जिच्यापायी कपड्यांना दोरी मिळाली नाही, ती कपड्यांसाठी? बनियन वाळत नाहीत म्हणून रोज घर कोण डोक्यावर घेत होतं?"

निवेदक खळखळून हसले. "हे झकास आहे. उद्या हे पण घालतो."

उद्या होतंच. संयोजिकेला त्यांचं बोलणं इतकं आवडलं होतं, की दुसऱ्या दिवशी मोठ्या सभागृहात पुन्हा बोलायचं होतं. तोवर ते भाषण इंटरनेटवरून घरीही पोचलं. हॉटेलच्या खोलीत दोघं चहा घेत होते तोच वन्संचा, म्हणजे निवेदकांच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"वहिनी, माझ्या भावाने नाव काढलं हो. तुझ्या हातांची एवढी काळजी."

"वन्सं, माझे हात दुखत नाहीत."

"कबूल करायला लाजतेस कशाला? असा नवरा दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही."

पाठोपाठ मुलीचा. "आई, खार बाबांनी केली? मग माझ्या कंपासपेटीतले स्क्रू कोण पळवत होतं?"

निदान एक तरी साक्षीदार होता. बाईंनी फोन ठेवला आणि खार सुटी करून पुसायला घेतली. त्यांना झोंबलं होतं ते निव्वळ श्रेय गेलं म्हणून नाही. दुकानात येणारा प्रत्येक माणूस काहीतरी गरज घेऊन येतो. कुणाला जवळचं दिसत नाही, कुणाला लांबचं. घरी आलं की पुन्हा गरजाच, कुणाला चहा, कुणाला इस्त्री. जगात एकच गोष्ट त्यांनी कुणाच्याही गरजेसाठी केली नव्हती. दोरीवरून काहीतरी चालावं एवढीच हौस. आणि या माणसाने त्या हौसेचं धुणं केलं, आणि वर ते त्यांनाच भेट दिलं. सात समुद्र ओलांडून जायचं, आणि तिथेही बादलीभर कपड्यांशेजारी उभं राहायचं.

सकाळी मोठ्या सभागृहात निवेदक कोट सारखा करत माइककडे निघाले, तोच बाईंनी माइक उचलला.

"आज मी बोलते. तुम्ही खाली बसा."

"अगं, भाषेचं काय?"

"छोटी वाक्यं येतात मला."

निवेदकांना वाटलं, बायको आभार मानणार आहे. ते पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले.

बाईंची वाक्यं खरंच छोटी होती. "ही खार मी केली. माझे हात दुखत नाहीत. ती कपड्यांसाठी नाही. ती आल्यापासून घरात कपडे खुर्चीवर वाळतात. हे समोर बसलेत ना, त्यांचे बनियनसुद्धा." इथे थोडे लोक हसले. निवेदकही सवयीने हसले, आणि मग थांबले. "काल त्यांनी सांगितलं ते छान होतं. पण ते झालंच नाही. झालं ते असं." मग त्यांनी काड्या दाखवल्या, तोल दाखवला, आणि ओल्या फडक्याने दोरी पुसून खार कशी घसरते तेही दाखवलं. खार घसरली आणि दोरीखाली लोंबकळत राहिली. बाईंनी तिला उचलून पुन्हा वर ठेवलं.

मागून कुणीतरी विचारलं, "मग हिचा उपयोग काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चालते."

टाळ्या झाल्या, पण कालच्या निम्म्याही नाहीत. मोटार विचारणारा तरुण मात्र या वेळी बाईंकडेच आला आणि बराच वेळ दोरीशी वाकून उभा राहिला. संयोजिकेने शिष्टाचार म्हणून हात मिळवला आणि म्हणाली, "कालचं मनाला जास्त भिडलं होतं."

"काल खोटं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला त्याचा नंबर चुकलाय हे सांगतात त्या आवाजात.

परतीच्या विमानात जेवणाचे ट्रे आले आणि गेले, तेव्हा निवेदक म्हणाले, "चारचौघांत बनियनांचा विषय काढायला नको होतास."

"तुम्ही चारचौघांत माझे हात दुखवलेत. मी आहेत तेच बनियन सांगितले."

"लोकांना आवडलं होतं गं."

"मला नव्हतं आवडलं. मी पण तिथेच उभी होते, दोरीच्या टोकाला."

गावी आल्यावर मित्रांनी आग्रह केला तेव्हा निवेदकांनी पुन्हा ते पहिल्या दिवशीचं भाषण सुरू केलं, पण बाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि ट्रे हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. निवेदकांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि साखर मागितली.

वन्सं अजून मानत नाहीत. कुठल्याही लग्नात भावाची गोष्ट सांगतात, त्याच दुखऱ्या हातांसकट. बाई जवळ असल्या तर दर वेळी म्हणतात, "नाही वन्सं, मी केली." वन्सं दर वेळी म्हणतात, "बरं बाई, तू केलीस," आणि समोरच्याला डोळा मारतात. बाईंना तो दिसतो. पुढच्या लग्नात त्या पुन्हा तेच म्हणतात.

डॉक्टरांकडे आता कुठे दुखतंय ते बाई स्वतः सांगतात. बाल्कनीतली दोरी खारीचीच आहे, आणि निवेदक आपले बनियन गच्चीवर वाळत घालतात आणि संध्याकाळी स्वतःच काढून आणतात.