आधी नाव, मग चाकू

बेडूकमास्तर चिरफाडीच्या आधी बेडकाचं नाव ठेवायचे. ट्रेमध्ये बेडूक उताणा, हातात चाकू, आणि मास्तर वर्गाला विचारणार, "काय नाव ठेवाचं याचं?" कोणी गणपत म्हणे, कोणी बाबूराव. नाव ठरल्याशिवाय चाकू लागायचा नाही. आम्ही खिदळायचो. "हसा बे," ते म्हणायचे, "पण ज्याले कापता, त्याले वळखून कापा."

अकोल्याच्या आमच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. घर दर्यापूरकडच्या भाजीवाल्या माळ्याचं, बोलणं अस्सल वऱ्हाडी. पुण्याहून आलेल्या हेडमास्तरांना ते बोलणं कानाला बोचायचं.

दरवर्षी ते एका विलायती कादंबरीची गोष्ट सांगायचे. एक हुशार तरुण मेलेल्यांचे अवयव जोडून जिवंत माणूस उभा करतो, आणि त्यानं डोळे उघडताच घाबरून पळ काढतो. इथवर आले की मास्तरांचा आवाज चढायचा. "येवढा शिकेल माणूस, अन् त्यानं पोराचं बारसं नाही केलं! पयून कावून गेला? मंग त्याले राक्षस कोनं बनवलं?"

अशा माणसाला शाळेनं काढलं. कशासाठी, तेही ऐका.

शाळेच्या चालकांचा मुलगा विलायतेहून इंजिनियर होऊन आला. बापाच्या अकोटच्या कापसाच्या जिनात त्यानं सरकी काढायच्या यंत्राची गती वाढवली आणि कापूस भराभर घालता यावा म्हणून फिरत्या रुळापुढची, हात अडवणारी जाळी काढून टाकली. थोड्याच दिवसांत कापूस घालणाऱ्या एका बाईचा हात रुळात गेला. जाळी काही परत बसली नाही. आणि आमच्या संमेलनाला पाहुणा म्हणून हाच! "प्रगतीसाठी थोडं सोसावंच लागतं," असं हा गृहस्थ गळ्यात हार घालून सांगत होता. सोसलं कोणी आणि हार कोणाला?

मास्तर उभे राहिले. "साहेब, त्या बाईचं नाव काय?"

"कोण बाई?" साहेबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी फर्मावलं, माफी मागा, नाहीतर नोकरी सोडा. मास्तर म्हणाले, "सायबानं तिचं नाव सांगावं, मी पाय धरून माफी मांगतो." अकोट काही लंकेत नव्हतं. माणूस धाडला असता तर संध्याकाळपर्यंत नाव कळलं असतं. त्यापेक्षा घरी चार तोंडं असलेल्या मास्तराला काढणं त्यांना सोपं वाटलं. निर्लज्ज लेकाचे!

मोटारस्टँडवर आम्ही काही जण पोचवायला गेलो. मी विचारलं, "मास्तर, नाव काय तिचं?"

"गिरजा," ते म्हणाले. "भेटून आलो मी. उजवा हात गेला. डाव्या हातानं जेवाले शिकून राहिली."

पुढे शाळेची प्रयोगशाळा इंजिनियर साहेबांच्या नावानं झाली. दारावर संगमरवरी पाटी, अक्षरं सोनेरी. त्या बाजूला गेलो की मी पाटीसमोर उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "गिरजा." आधी शिपाई हटकायचा. एकदा त्याला सगळं सांगितलं. आता तो स्टुलावरून उठून उभा राहतो.