न फवारलेल्या चार ओळी

दुष्काळाच्या आदल्या साली मी एका द्राक्ष संशोधन केंद्रात सहायक म्हणून नवाच लागलो होतो. श्रीगोंद्याच्या बाजूला एका बागेत आमचा प्रयोग चालू होता. ऑक्टोबरची छाटणी झाली की वेलींचे डोळे फुगतात आणि नेमके तेव्हाच उडद्या भुंगेरे ते कोरून खातात. खाल्लेला डोळा फुटत नाही आणि त्यावर घडही येत नाही. सगळ्या बागेवर औषध फवारायचं, चार ओळी तेवढ्या मुद्दाम सोडायच्या आणि दोन्हीकडचे खाल्लेले डोळे मोजायचे, हे माझं काम.

बागेच्या मालकांना अर्धांगवायू झाला होता, म्हणून सगळं त्यांची बायकोच बघायची. मी त्यांना मावशी म्हणायचो.

"या चार वळी भुंग्याला सोडायच्या व्हय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुलनेसाठी लागतात, मावशी. त्यांच्यावर काही फवारायचं नाही."

त्या चारही ओळी त्यांनी एकदा चालून पाहिल्या.

आठवड्याने मोजणी केली, तर न फवारलेल्या ओळींतच नुकसान कमी. पुन्हा मोजलं, तरी तेच. ओळींवर पाट्या लावताना मीच घोळ केला असणार, असं मनाने घेतलं. नगरला खोलीवर आलो. केंद्रातल्या साहेबांना सांगायचा धीर नव्हता. वही पेन्सिलीने लिहिलेली होती. आकड्यांची अदलाबदल केली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. खोडरबर दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

शेवटी पाट्या पुन्हा तपासायला कोणालाही न कळवता निघालो. श्रीगोंद्यात मुक्काम केला आणि उजाडायच्या आत सायकलने बाग गाठली. मावशी त्या चार ओळींतच होत्या. वेलीखाली जुनं धोतर अंथरून त्या खोड गदागदा हलवत होत्या. गारठलेले भुंगेरे पटापट धोतरावर पडत होते. ते गोळा करून त्या रॉकेलच्या डब्यात टाकत होत्या.

"मावशी, हे काय?"

"तुमी फवारू नका म्हनला. येचू नका असं कुठं म्हनला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लेकरावानी वाढवल्यात या वेली. डोळ्यांदेखत खाऊ द्यायच्या?"

मी बांधावर बसलो. पाट्या बरोबर होत्या, म्हणून हायसं वाटलं. पण प्रयोग मात्र गेला होता, आणि रागावायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी त्या बागेचे आकडे रद्द केले आणि मला चांगलंच झापलं. "शेतकऱ्याला नीट समजावणं हेही तुझंच काम होतं," असं म्हणाले. मग वही उघडून त्या चार ओळींचे आकडे फवारलेल्या ओळींशी पुन्हा ताडून पाहिले.

"किती वाजता हलवतात त्या वेली?" त्यांनी विचारलं.

मी पोचलो तेव्हा त्यांचं काम चालूच होतं; सुरुवात कधी करतात, ते मी विचारलंच नव्हतं. साहेबांनी मला त्याच दुपारच्या एस.टी.ने परत पाठवलं, मावशींना विचारून यायला.