मनोऱ्याच्या तळाचा दौलतभाऊ

दौलतभाऊ आधी माणसाचा पाय मांडीवर ओढून घ्यायचा आणि मग नाव विचारायचा. वाशीमला शारीरिक शिक्षणाच्या वर्गात आम्ही दाखल झालो, त्याच संध्याकाळी त्यानं मला धरलं. दौडीनं पोटऱ्यांचे दगड झाले होते. जवसाचं तेल चोळत त्यानं विचारलं, "कुठी दुखून राह्यलं?"

मी म्हटलं, पोटरीत.

"ते त मले बी दिसते. आनखी कुठी?"

आणि मी, चांगला मिशा फुटलेला घोडा, आईच्या आठवणीनं रडू लागलो.

सरांना रडकी तोंडं खपत नसत. "ड्रिल मास्तरचा चेहरा हसरा पाहिजे," हे त्यांचं पालुपद. मैदानावर आम्ही दात काढत पळायचो आणि संध्याकाळी दौलतभाऊच्या खाटेशी रांग लावायचो. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाला शिक्षण झेपत नसलेलं. तो उपदेश करत नसे. "पायातलं लवकर निघते. मनातलं जरा जास्त चोळा लागते," एवढंच म्हणे.

तो केनवडचा. घरात मॅट्रिक झालेला पहिलाच. अंगानं दणकट, म्हणून मानवी मनोऱ्यात कायम तळाला. कबड्डीत त्याचा गुडघा मुरगळला, तरी त्यानं कुणाला कळू दिलं नाही. शेवटी एकदा मीच त्याचा पाय ओढून घेतला. गुडघा टम्म फुगला होता.

"सरले सांगू नको," तो म्हणाला. डोळे भरून आले होते. "घरी पाठवतीन मले. मायनं पुऱ्या वस्तीले सांगून ठेवलं, पोरगा मास्तर होऊन राह्यला."

तालमीतली जुनी समजूत त्याच्या डोक्यात पक्की होती, की दुखता गुडघा बैठका मारून मोकळा होतो. रोज पहाटे तो दात-ओठ खात बैठका मारायचा. मी भांडलो, तेल लपवलं, अबोला धरला. उपयोग शून्य.

परीक्षेच्या दिवशी आधी मनोरा होता, मग प्रत्येकाचा पाठ. वरच्या गड्यानं सलामी दिली, टाळ्या पडल्या. एकेक जण उतरला. शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत दौलतभाऊ हलला नाही. मग जो खाली बसला, तो उठेचना. पाठाच्या हजेरीत नाव पुकारलं तेव्हा बसल्या जागेवरून त्यानं मैदान दणाणून सोडलं, "हजर!" पण रांगेत उभा असेल तोच हजर, असा नियम होता, आणि आमचा वर्गनायक म्हणून दौलतभाऊच तो सगळ्यांना बजावत आलेला. सर जवळ येऊन म्हणाले, "ऊठ. चेहरा हसरा ठेव." तो हसला. उठता मात्र आलं नाही. गैरहजेरी लागली, म्हणजे परीक्षाच गेली.

खाटेवर घालून आम्ही त्याला बसस्टँडवर नेलं. कुणी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "कुठीच नाई दुखत."

मला ड्रिल मास्तरची नोकरी लागली. पुढं केनवडच्या बाजारात तो दिसला. झाडाखाली दोर वळत बसलेला, शेजारी काठी. मला पाहताच तो काठी चाचपू लागला.

"दौलतभाऊ, बस ना. मी आहो!"

"वळखलं ना. सर आले का उठा लागते."

मी खांदे दाबून धरले, त्यानं माझे हात बाजूला केले. काठीला लोंबकळत तो पूर्ण उभा राहिला, पाय जुळवले, जेवढे जुळले तेवढे. आणि हसला, अगदी सरांनी शिकवल्यासारखा.